प्रेक्षक कीं गिऱ्हाईक ?

फुटबॉल हा आतां खेळ राहिलेला नसून धंदा झालेला आहे. धंद्यांत ज्याचें भांडवल त्याचा शब्द. आणि प्रेक्षकाला माल पसंत नसेल तर त्यानें खुशाल दुसऱ्या दुकानांत जावें, असा एक युक्तिवाद अलीकडे मोठ्या शहाणपणाच्या सुरांत ऐकूं येतो. विलायतेंतील क्लबांचे मालक तो करतात यांत नवल नाहीं. परंतु आपल्या दिवाणखान्यांत बसून मध्यरात्रीं मँचेस्टरचा सामना पाहणारी आपल्याकडील सुशिक्षित मंडळीहि जेव्हां तोच पाठ म्हणूं लागतात, आणि पाठिराख्यांनीं सुचविलेल्या सुधारणा म्हणजे केवळ गॅलरींतील आरडाओरड असें समजून नाक मुरडतात, तेव्हां या मताचा थोडासा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम हे पाठिराखे मागतात तरी काय तें पाहूं. तिकिटें आवाक्यांत असावींत. टेलिव्हिजनच्या सोयीसाठीं सामन्याची वेळ ऐन वेळीं फिरवूं नये. ज्याला उभें राहून सामना पाहावयाचा असेल त्याला उभें राहूं द्यावें. क्लबचें नांव, रंग, चिन्ह व मैदान हीं मालकाच्या लहरीवर सोडूं नयेत. क्लब विकत घेणाऱ्याची ऐपत व दानत आधीं तपासावी. आणि पडद्यासमोर बसणाऱ्या पंचाचा कांहीं तरी बंदोबस्त करावा. यांत क्रांतिकारक असें काय आहे ? ज्यांना हुल्लडबाज म्हणून हिणवावयाचें त्यांची ही यादी एखाद्या सनातनी पंचायतीनें केलेली वाटावी, इतकी ती जुन्यास धरून आहे. नवें म्हणून जें जें आहे तें बहुतेक मालकांच्या डोक्यांतून निघालेलें आहे.

आतां त्या दुकानाच्या दृष्टान्ताकडे वळूं. गिऱ्हाईक कोणाला म्हणावें ? ज्याला निवड करतां येते त्याला. साखर महाग झाली तर आपण वाणी बदलतों, कापड विरलें तर पेढी बदलतों. परंतु आजोबांच्या खांद्यावर बसून लहानपणीं ज्या मैदानांत गेलों त्या मैदानाचा क्लब यंदा महाग पडतो, सबब शेजारच्या गांवचा घेऊं, असें म्हणणारा पाठिराखा कोणीं पाहिला आहे काय ? गुरव बदलला म्हणून कोणी ग्रामदैवत बदलीत नाहीं. आणि ही गोष्ट मालकास पुरती ठाऊक असते. किंबहुना ती ठाऊक असते म्हणूनच तो एवढी किंमत मोजून क्लब घेतो. अर्थशास्त्र्यांच्या भाषेंत याला मक्ता म्हणतात. आणि मक्तेदारानें 'दुसरीकडे जा' असें सांगणें ही शुद्ध थट्टा होय, कारण दुसरीकडे कांहीं नसतेंच.

हें नुसतें तर्काचें बोलणें नव्हे. मँचेस्टरच्या उत्तरेस बरी नांवाचें जुनें गिरणगांव आहे. तेथील क्लब १८८५ सालीं निघाला, १८९४ पासून तो फुटबॉल लीगचा सभासद होता, आणि १९०० व १९०३ अशीं दोन वेळां त्यानें एफ. ए. कप जिंकला. पैकीं १९०३ च्या अंतिम सामन्यांत त्यानें डर्बी काउंटीवर सहा शून्य असा विजय मिळविला. त्या फरकाची बरोबरी व्हावयास तब्बल ११६ वर्षें लागलीं. मे २०१९ मध्यें मँचेस्टर सिटीनें वॉटफर्डवर तितकेच गोल केले. आणि त्याच वर्षीं, २७ ऑगस्ट रोजीं, बरीचा क्लब लीगमधून काढून टाकण्यांत आला ! कां ? तर तो कर्जांत बुडालेला होता, मैदान गहाण पडलेलें होतें, आणि आठ महिन्यांपूर्वीं अवघ्या एका पौंडाला तो घेणाऱ्या मालकाला तो चालवितां आला नाहीं व वेळेवर विकतांहि आला नाहीं. मुदत संपावयाच्या दिवशीं गांवचीं माणसें झाडू आणि फडकीं घेऊन गिग लेनच्या मैदानांत जमलीं होतीं. क्लब वांचला तर येत्या सामन्यास मैदान तयार असावें म्हणून त्यांनीं खुर्च्या पुसल्या, पायऱ्या झाडल्या. संध्याकाळीं क्लब गेला. दुकान मोडतांना दुकान झाडावयास येणारें गिऱ्हाईक आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

कोणी म्हणेल कीं हा अपवाद आहे, एखादा नादार मालक निघायचाच. तर मग विंबल्डनचें उदाहरण घ्या. तेथें सरकारी नोकराच्या शांतपणानें अन्याय झाला. लंडनच्या या क्लबनें १९८८ सालीं लिव्हरपूलसारख्या बलाढ्य संघास हरवून कप नेला होता. पुढें मालकांस लंडनमध्यें फायदा दिसेना, म्हणून तो क्लब नव्वदएक किलोमीटर दूर मिल्टन कीन्स या नव्या वसविलेल्या शहरीं हलविण्याची परवानगी त्यांनीं मागितली, आणि २००२ च्या मे महिन्यांत तिघांच्या समितीनें ती दोन विरुद्ध एक मतानें दिली. जेजुरीच्या विश्वस्तांनीं उद्यां ठराव करावा कीं, गडावर मोटारी लावण्यास जागा नाहीं, तेव्हां खंडोबास कोठें तरी हमरस्त्याच्या कडेला नेऊन बसवितों, भक्तांनीं तेथें यावें. असा हा प्रकार झाला. पाठिराख्यांनीं नवा क्लब काढणें फुटबॉलच्या व्यापक हिताचें होणार नाहीं, असा अभिप्रायहि या समितीनें देऊन ठेविला. पाठिराख्यांनीं तो वाचला, आणि त्याच उन्हाळ्यांत विंबल्डनच्या माळावर जाहीर चांचणी घेऊन खेळाडू निवडले, वर्गणी जमविली, व इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून आरंभ केला. नऊ हंगामांत पांच बढत्या मिळवून २०११ सालीं तो क्लब फुटबॉल लीगमध्यें दाखल झाला. २०२० सालीं तो आपल्या मूळच्या प्लाउ लेन रस्त्यावर परत आला. आणि त्याची मालकी आजहि पाठिराख्यांच्या न्यासाकडेच आहे. ज्यांना कारभारांतलें काय कळतें असें विचारलें जातें, त्यांचा हा कारभार. तज्ज्ञांच्या समितीनें केलेला कारभार वर दिलाच आहे.

भांडवलाशिवाय मोठा खेळ चालत नाहीं, ही गोष्ट आम्हांस मान्य आहे. व्यावसायिक खेळाडूंस इंग्लंडांत १८८५ सालींच रीतसर मान्यता मिळाली, आणि गिरणीचे मालक, कलाल व कंत्राटदार तेव्हांपासून क्लबांच्या मंडळांवर बसत आलेले आहेत. वाद पैशाचा नसून मताचा आहे. जर्मनीनें हा प्रश्न पन्नास अधिक एक या नियमानें सोडविला. १९९८ सालीं तेथें क्लबांना कंपन्या होण्याची मोकळीक मिळाली, पण बहुमत मूळच्या सभासदमंडळाकडेच राहिलें पाहिजे ही अट घालून. बाहेरच्यानें पैसा खुशाल ओतावा. मतांचें पारडें मात्र वर्गणी भरणाऱ्या सभासदांकडे. याचा परिणाम ज्यास पाहावयाचा त्यानें डॉर्टमुंडच्या मैदानाचा दक्षिणेकडील उतार पाहावा. सुमारें पंचवीस हजार माणसें तेथें उभीं असतात. जर्मन लीगच्या सामन्यांस सरासरीनें जेवढे प्रेक्षक येतात तेवढे युरोपांतील दुसऱ्या कोणत्याहि देशाच्या लीगला येत नाहींत.

येथें प्रतिपक्षी एक बाण हमखास सोडतो : तुमच्या या आदर्श जर्मनींत बायर्न म्युनिकनें २०१३ पासून २०२३ पर्यंत ओळीनें अकरा वेळां विजेतेपद घेतलें, आणि २०२४ सालीं ती सांखळी तोडली ती लेव्हरकूझेननें, म्हणजे एका औषधी कारखान्याच्या मालकीच्या, त्या नियमांतून सूट मिळालेल्या क्लबनें ! बाण खरा आहे. पण तो नेमका कोठें लागतो तें पाहावें. पन्नास अधिक एक हा नियम चुरस वाढविण्यासाठीं केलेलाच नव्हता. चुरस कमी झाली ती प्रामुख्यानें युरोपीय स्पर्धांचा पैसा त्याच त्या क्लबांच्या पदरांत दर वर्षीं पडत गेल्यामुळें. तो रोग फ्रान्सासहि आहे आणि तेथें असला कोणताहि नियम नाहीं. नियमाचें काम दरवाज्याला कडी घालण्याचें. घरांतील भावाभावांचीं भांडणें कडीनें मिटत नाहींत म्हणून कोणी ती उखडून टाकीत नाहीं. लाइपझिगनें मूठभरच मतदार सभासद ठेवून ती कडी बाहेरून काढण्याची युक्ति केली, हेंहि खरें; त्याला उपाय कडी घट्ट करणें हाच.

ही कडी किती उपयोगी आहे तें १८ एप्रिल २०२१ रोजीं सर्व जगानें पाहिलें. त्या रात्रीं युरोपांतील बारा धनाढ्य क्लबांनीं आपली निराळी 'सुपर लीग' जाहीर केली. संस्थापक पंधरा, आणि त्यांनीं कितीहि हार खाल्ली तरी त्यांचें आसन अढळ ! बारांत सहा इंग्लिश, तीन स्पॅनिश, तीन इटालियन. जर्मन एकहि नाहीं. जर्मन मालक अधिक सात्त्विक असतात असें नव्हे. तेथें असला ठराव घेऊन ज्यांच्यापुढें उभें राहावयाचें, ते सभासद मतपेटीजवळ बसलेले होते. इंग्लंडांत मतपेटी नव्हती म्हणून माणसें रस्त्यावर आलीं. चेल्सीच्या मैदानाबाहेर रस्ता अडला, आणि दोन दिवसांत साहीच्या साही इंग्लिश क्लबांनीं माघार घेतली. लक्षांत घ्यावें कीं हे चेल्सीचे पाठिराखे आपल्या क्लबच्या फायद्याविरुद्ध भांडत होते. आसन अढळ झालें असतें तें त्यांच्याच क्लबचें. हरण्याची भीति आम्हांस परत द्या, असें सांगावयास ते आले होते, आणि या एका गोष्टीनें गिऱ्हाईकवादाचें आमच्या मतें उत्तरकार्यच उरकलें आहे.

तिकिटांचा प्रश्न त्यापुढें लहान, पण रोजचा. ६ फेब्रुवारी २०१६ रोजीं लिव्हरपूलचे सुमारें दहा हजार प्रेक्षक सामन्याच्या सत्त्याहत्तराव्या मिनिटास उठून बाहेर गेले, कारण पुढील हंगामाच्या सर्वांत महाग तिकिटाची किंमत ७७ पौंड ठरली होती. तोंवर त्यांचा संघ दोन गोलांनीं पुढें होता. ते गेले आणि संडरलंडनें दोन्ही गोल फेडले. चारच दिवसांत ती दरवाढ रद्द झाली. पुढच्या हंगामापासून प्रीमियर लीगनें पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठीं ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. आपल्या संघाचा विजय डावावर लावणाऱ्या या मंडळींस अडाणी म्हणावयाचें असेल त्यानें म्हणावें.

वेळेच्या प्रश्नांत मात्र आम्हां हिंदी वाचकांचेंहि हित गुंतलेलें आहे. शनिवारीं दुपारीं साडेबारास जो सामना तेथें लावतात, तो आपल्याकडे उन्हाळी वेळेप्रमाणें पांच वाजतां, चहाच्या वेळीं, दिसतो. एवढ्यासाठीं न्यूकॅसलहून लंडनला जाणाऱ्या माणसाला उजाडण्यापूर्वीं घर सोडावें लागतें. आशियांतील प्रेक्षकांची संख्या दाखवून टेलिव्हिजनचे हक्क विकले जातात, आणि मग तीच संख्या पुढें करून मैदानांतील प्रेक्षकाला गप्प केलें जातें. पण आपल्या पडद्यावर जो गजर ऐकूं येतो, ज्यावांचून तो सामना मुका वाटतो, तो गजर याच पहांटे उठलेल्या माणसाच्या कंठांतून निघालेला असतो. २०२० सालीं महामारींत रिकाम्या मैदानांवर सामने झाले तेव्हां प्रक्षेपकांना ध्वनिमुद्रित कोलाहल मागें लावावा लागला होता, हें आमच्या मंडळींस आठवत असेलच.

उभें राहून पाहण्याची मागणी ऐकली कीं कांहींच्या अंगावर शहारे येतात, आणि त्याचें कारण क्षुल्लक नाहीं. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानांत झालेल्या चेंगराचेंगरीनें अखेर ९७ बळी घेतले. त्यानंतर न्यायमूर्ति टेलर यांच्या अहवालानुसार वरच्या दोन विभागांतील मैदानांत सर्वत्र खुर्च्या आल्या. पण त्या दिवसाचा दोष अधिकाऱ्यांनीं व कांहीं वर्तमानपत्रांनीं वर्षानुवर्षें कोणाच्या माथीं मारला ? मेलेल्यांच्या ! दारू पिऊन दंगा करणाऱ्या गर्दीनें आपला नाश करून घेतला, अशी ती कथा होती. २०१६ सालीं ज्यूरीनें तें मृत्यु बेकायदा ठरविले आणि पाठिराख्यांकडे कसलाहि दोष नाहीं असा स्पष्ट निर्णय दिला. सत्तावीस वर्षें ! पाठिराख्यांविषयींचा सुशिक्षितांचा सहज तिटकारा किती महाग पडतो याचें याहून भयंकर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. पुढें कठडे बसवून सुरक्षितपणें उभें राहण्याची सोय २०२२ पासून इंग्लंडांत पुन्हां झाली आहे, आणि ती पाठिराख्यांच्याच दीर्घ खटपटीनें.

आतां तो पडद्यासमोरचा पंच. खेळाचे नियम बदलूंच नयेत असा आमचा हट्ट नाहीं. १९२५ सालीं ऑफसाइडच्या नियमांत तीन प्रतिस्पर्ध्यांच्या ऐवजीं दोन असा बदल झाला, आणि इंग्लंडच्या पहिल्या विभागांतील गोलांची संख्या एका हंगामांत १,१९२ वरून १,७०३ वर गेली. १९९२ सालीं सहकाऱ्यानें पायानें मागें दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातांत घेण्यास मनाई झाली, तेंहि उत्तमच झालें. या दोन्ही बदलांनीं खेळ वाहता केला. पडद्यावरील पंचानें तो थांबविला. गोल झाला म्हणजे क्षणार्धांत चाळीस हजार कंठांतून जी आरोळी उठते तीच या खेळाची सर्वांत मोठी कमाई. ती आरोळी घशांत धरून दोन-तीन मिनिटें कोठल्या तरी खोलींतील निर्णयाची वाट पाहावयाची, आणि तो निर्णय कां व कशाबद्दल हें मैदानांतील माणसालाच कळूं नये, पडद्यापुढील माणसाला मात्र दहा कोनांतून दिसावें! २०२३ च्या स्त्रियांच्या विश्वचषकांत पंचांनीं निर्णय ध्वनिक्षेपकावरून सांगितले. ही साधी गोष्ट इंग्लंडांत यावयास २०२५ साल उजाडावें लागलें.

बरें, एवढें करून अचूकता तरी मिळाली काय ? ३० सप्टेंबर २०२३ रोजीं टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियासनें केलेला गोल मैदानावर ऑफसाइड ठरला. खोलींतील पंचानें चित्र तपासलें. गोल निर्दोष असल्याचें त्याला दिसलें. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे अशी त्याची समजूत असल्यामुळें त्यानें तपासणी पूर्ण झाल्याचें कळविलें. खेळ सुरू झाला. चूक ध्यानांत आली तेव्हां नियमानें मागें जातां येईना. लिव्हरपूल दोन विरुद्ध एक असें हरलें. यंत्र बिनचूक होतें. माणूसच माणसाशीं बोलतांना चुकला. तरीहि २०२४ च्या जूनमध्यें ही पद्धति बंद करावी असा ठराव वुल्व्हरहॅम्प्टननें आणला तेव्हां वीसांपैकीं एकोणीस क्लब विरुद्ध गेले. स्वीडनमध्यें, जेथें सभासदांचें बहुमत आहे, तेथें ही पद्धति घेतलीच नाहीं. नॉर्वेंत २०२४ च्या जुलैमध्यें प्रेक्षकांनीं मैदानावर माशांच्या वड्या फेंकून सामना बंद पाडला. तरी पुढल्या वर्षीं तेथील महासंघानें ती पद्धति कायम ठेवली. वड्यांचा युक्तिवाद आम्हांस पसंत नाहीं. पण नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाची रचना पाहा : १८८६ सालीं स्थापन झालेल्या या मंडळांत आठ मतें, चार ब्रिटिश बेटांतील चार संघटनांचीं आणि चार फिफाचीं; सहा मिळालीं कीं नियम बदलला. त्यांत प्रेक्षकाला बसावयास एक तिवईहि नाहीं. ज्याचें म्हणणें ऐकण्याची जागाच नाहीं तो वडी न फेंकेल तर काय करील ?

पाठिराखा म्हणजे धुतल्या तांदळासारखा, असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. १९८५ सालीं ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर ३९ माणसें मेलीं, आणि त्या प्रसंगीं लिव्हरपूलच्या पाठिराख्यांपैकीं कित्येकांचें वर्तन गुन्हेगारीचेंच होतें. कृष्णवर्णी खेळाडूंस शिव्या देणारे आजहि गॅलरींत बसतात. तीन सामने हरले कीं प्रशिक्षकास हांकला म्हणून ओरडणें, हा तर यांचा नित्यनेम. संघांत कोणाला खेळवावें आणि प्रशिक्षक कोण असावा या बाबतींत त्यांचें ऐकूं नये, हें आमचें स्पष्ट मत आहे. मतदारानें मंत्री निवडावा, पण शस्त्रक्रिया त्याला विचारून करूं नये. परंतु या दोषांवरून त्यांना क्लबच्या नांवारंगांतहि मत नको, असा निष्कर्ष जे काढतात त्यांनीं कार्डिफचें स्मरण ठेवावें. 'निळे पक्षी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या क्लबचे सदरे २०१२ सालीं मालकानें तांबडे केले, आणि जानेवारी २०१५ मध्यें पुन्हां निळे करावे लागले. अडीच वर्षें निळे पक्षी तांबडे हिंडत होते.

इंग्लंडच्या पार्लमेंटानें जुलै २०२५ मध्यें फुटबॉलच्या कारभाराचा कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला, आणि मालकांची पारख, रंग-चिन्हाबाबत पाठिराख्यांचें मत, फुटीर स्पर्धांस बंदी या गोष्टी कायद्यांत आणल्या. यास सहा वर्षें आणि बरीचा बळी लागला. तिकिटांच्या दरास हा नियामक हात लावूं शकत नाहीं, ही त्यांतील मोठीच उणीव होय. आणि रंग-चिन्हाखेरीज इतर बाबतींत विचारावें लागेल, पण मानावेंच लागेल असें नाहीं, ही दुसरी. जर्मनांनीं मतच दिलें. म्हणून २०२३ च्या डिसेंबरांत तेथील क्लबांनीं प्रक्षेपणाच्या उत्पन्नांतील वांटा बाहेरच्या गुंतवणूकदारास विकण्याचा ठराव केला तेव्हां टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटचीं नाणीं यांच्या वर्षावापुढें दोन-अडीच महिन्यांत तो गुंडाळावा लागला.

आपल्याकडे हा विषय दूरचा वाटणाऱ्यांनीं जरा आसपास पाहावें. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० सालीं मालकांनीं बंद केला. पांच वेळां राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा डेम्पो, आणि त्याच्याबरोबर साळगांवकर व स्पोर्टिंग, हे तिन्ही क्लब २०१६ सालीं राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, कारण ठेक्यानें दिलेल्या नव्या लीगचें दार कर्तबगारीनें उघडत नव्हतें. कलकत्त्यांत १८८९ सालच्या मोहनबागानच्या नांवाआड २०२० मध्यें दुसऱ्याच एका क्लबचीं आद्याक्षरें चिकटवण्यांत आलीं; तीं काढावयास पाठिराख्यांना तीन वर्षें झगडावें लागलें. आणि पुणें ? २०१४ सालीं निघालेला पुण्याचा संघ बालेवाडीच्या मैदानावर पांच हंगाम खेळून २०१९ मध्यें नाहींसा झाला, आणि त्याची जागा हैदराबादच्या संघानें घेतली. २०२५ सालीं तोहि हैदराबादेहून उठून नव्या नांवानें दिल्लीस गेला. या दोन्ही मुक्कामांच्या वेळीं पाठिराख्यांचें मत घ्यावें असा प्रश्नसुद्धां कोणाच्या मनांत आला नाहीं.